किटली कोणी धरायची

ब्रॅकन फोर्ज गावात माणसाची एक चूक लोक तीस वर्षं जपून ठेवतात, आणि त्याच्या तीस वर्षांच्या कामाबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. एमिल कोस्टेलनिकने गावच्या पाणीखात्यात सत्तावीस वर्षं काढली. हाडं गोठवणाऱ्या जानेवारीत छातीभर खड्ड्यात उतरून तो फुटके पाइप जोडायचा, तेव्हा कुठे टेकडीवरच्या घरांत नळाला पाणी यायचं. पण एमिल म्हटलं की गावाला आठवायचा तो चौऱ्याऐंशी सालचा नोव्हेंबरातला एक शनिवार, आणि त्यातली जेमतेम सात सेकंदं.

त्या सात सेकंदांची खूण म्हणजे किटली.

पेनसिल्व्हेनियाच्या त्या खोऱ्यात बाकीच्या गावांचे अमेरिकन फुटबॉलचे सामने शुक्रवारी संध्याकाळी दिव्यांखाली होत. ब्रॅकन फोर्जचं मैदान टेकडीच्या माथ्यावर, तिथे दिवे लावायचे पैसे पोलाद कारखाना चालू असतानाही कुणी दिले नाहीत आणि तो बंद पडल्यावर तर प्रश्नच नव्हता. म्हणून सामना शनिवारी दुपारी एकला. आणि रविवारी, चर्च सुटलं की सगळं गाव चर्चच्या तळघरात. कोबी घातलेल्या हालुष्कीची, म्हणजे जाड शेवयांची, पातेली, अक्रोडाचे रोल, आणि समोर भिंतीवर ताणलेल्या चादरीवर कालच्या सामन्याची फिल्म. कोच फिल्म दाखवणार, गाव खाणार आणि शिव्या देणार. सामना हरला असेल तर ज्याच्यामुळे हरला त्या पोराने उठायचं, कोपऱ्यातली ॲल्युमिनियमची भलीमोठी किटली उचलायची आणि सगळ्यांच्या कपात कॉफी ओतत फिरायचं. गावाच्या मते ही गंमत. गंमत वाटते ती बसलेल्यांना, हे सांगायला शहाणपण लागत नाही.

बाकीची पोरं एक रविवार ओतून सुटायची. एमिल सुटला नाही. कारण त्याचा तो सामना जिल्ह्याच्या अंतिम फेरीचा होता, ॲलम क्रीकविरुद्धचा, आणि त्यानंतर एकोणतीस वर्षं ब्रॅकन फोर्ज अंतिम फेरीत पोचलंच नाही. आठवायला दुसरं काही मिळालं तर माणसं विसरतील ना. एमिल शिकला, लग्न केलं, नोकरीला लागला, पुढे शाळेच्याच संघात बचावाचा कोच म्हणून फुकटात राबू लागला. तरी रविवारी तळघरात पाऊल टाकलं की कुणीतरी ओरडायचंच, "एमिल, कप रिकामा आहे रे!" आणि तो हसून किटली उचलायचा.

आता खरं काय झालं होतं ते.

ॲलम क्रीककडे तेव्हा क्लिफ वॉडेल नावाचा रिसीव्हर होता. रिसीव्हरचं काम पळायचं आणि लांबून फेकलेला चेंडू झेलायचा. हा पोरगा पळायचा असा की त्याच्यापुढे बाकीचे उभे असल्यासारखे दिसत. म्हाताऱ्या कोच ह्राबोव्स्कीने एमिलला बजावलं होतं, "वॉडेल जाईल तिथे तू. कोपऱ्यावरचा पोरगा त्याच्या अंगाला चिकटेल, तू मागून त्याच्या डोक्यावर राहा. बाकीचं बघू नकोस." एमिल सेफ्टी होता, म्हणजे सगळ्यांत मागचा राखणदार. तो वॉडेलवर गेला म्हणजे मैदानाचा मध्य उघडा. तिथून कुणी पळालाच तर त्याच्याबरोबर पळायचं काम मधल्या फळीतल्या पोराचं. तो पोरगा म्हणजे कार्माइन डिलेओ, एमिलचा जिवाभावाचा मित्र.

शेवटच्या मिनिटाला वॉडेल डावीकडून सुटला. एमिल सांगितल्याप्रमाणे त्याच्यामागे गेला. आणि कार्माइन जागच्या जागी उभा राहून वॉडेलकडेच बघत राहिला, जत्रेत आल्यासारखा. त्याच्या बगलेवरून ॲलम क्रीकचा एक धिप्पाड पोरगा मधून निघून गेला, चेंडू त्याच्या हातात पडला. एमिल वळला, चाळीस यार्ड पळाला, झेपावला आणि त्याच्या हाताला लागला तो त्या पोराचा बूट. फिल्मवाल्याने कॅमेरा चेंडूमागे नेला होता. त्यामुळे चादरीवर दिसलं ते एवढंच: पळणारा पोरगा, आणि मागे तोंडावर आपटलेला एमिल. कार्माइन चित्रात नव्हताच.

रविवारी गाव "किटली! किटली!" करायला लागलं तेव्हा ह्राबोव्स्की एमिलच्या कानाशी वाकून म्हणाला, "एवढ्यापुरतं घे बाबा. कार्माइनचा बाप सप्टेंबरात कारखान्यातल्या अपघातात गेला. त्या घरात अजून काळे कपडे उतरले नाहीत." एमिलने घेतलं. ईस्टरच्या आधी ह्राबोव्स्कीही गेला. त्यानंतर ते जाणणारी दोनच माणसं उरली. त्यातला एक बोलला नाही, कारण त्याने शब्द दिला होता. दुसरा बोलला नाही, कारण आधी लाज वाटली, मग उशीर झाला, आणि मग तो इतिहासाचा मास्तर झाला, मुख्य कोच झाला, गावाचा लाडका झाला.

तिसरी होती बर्नडेट, एमिलची बायको. लग्नाच्या आदल्या दिवशी त्याने तिला सांगून टाकलं होतं. ती औषधाच्या दुकानात काउंटरवर असायची आणि तिच्या जिभेला औषध नव्हतं. तिने ते गुपित पाळलं, पण आपल्या पद्धतीने. कार्माइन घरी आला की सगळ्यांना रोल मिळायचा, त्याला नाही. "संपला," म्हणायची, ताटात चार तुकडे दिसत असताना. कार्माइनने कधी विचारलं नाही. त्यावरून काय ते समजावं.

आणि दोन हजार तेरा साली, एकोणतीस वर्षांनी, ब्रॅकन फोर्ज पुन्हा अंतिम फेरीत पोचलं. समोर पुन्हा ॲलम क्रीक. त्यांच्याकडे पुन्हा एक रिसीव्हर, मलाकाय बूकर, वॉडेलपेक्षा उंच, वॉडेलपेक्षा वेगवान. ब्रॅकन फोर्जचा सेफ्टी होता सतरा वर्षांचा निको डिलेओ. कार्माइनचा धाकटा मुलगा.

गावाला यात योगायोगाची मौज वाटत होती. एमिलला मात्र वेगळंच दिसत होतं. या सामन्यात जो चुकेल तो एका रविवारी सुटणार नव्हता. त्याला किटली चिकटणार होती, आणि ती कशी चिकटते हे एमिलला ठाऊक होतं. चुकणाऱ्या जागेवर निको उभा होता, ज्याला त्याने सायकल शिकवली होती.

मंगळवारी शाळा सुटल्यावर कोचच्या खोलीत दोघे बसले. एमिलने ॲलम क्रीकचे सगळे सामने चार-चार वेळा पाहिले होते आणि पाणीखात्याच्या वहीच्या मागच्या पानांवर टिपणं काढली होती.

"या मोसमात त्यांनी चेंडू अडतीसदा रेषेपार नेला, अडतीस टचडाउन," तो म्हणाला. "त्यातले बूकरचे किती असतील? सांग."

"पंचवीस तरी."

"तेरा. उरलेल्या पंचवीसांपैकी एकोणीस वेळा बूकरच्या अंगावर दोन माणसं होती. दोन वेळा तर तीन. हे बघ." त्याने फिल्म थांबवली. "हा त्यांच्यासमोरच्या संघाचा सेफ्टी बघ. चेंडू उजवीकडे चाललाय, बूकर डावीकडे नुसता उभाय, कमरेवर हात ठेवून. आणि हा शहाणा दोन पावलं डावीकडे सरकला. का? बूकर आहे म्हणून. अरे, तो मैदानात उभा राहिला की मैदानच त्याच्या बाजूला कलतं. त्याला चेंडू द्यायची गरजच नाही."

"मग? एकच माणूस ठेवतोस त्याच्यावर? आपला ल्यूक? ल्यूक डिक्सन?" कार्माइन हसलाच. "एमिल, ल्यूकला त्याची आई सकाळी बसपर्यंत पोचवायला येते."

"झेलू दे बूकरला. दहा झेलू दे, बारा झेलू दे. ल्यूकने त्याच्यापासून सात यार्ड मागे राहायचं आणि झेलला की पाय धरायचे. निको मधे. मधून हलायचं नाही. मी मधल्या फळीला सांगतो, तुमच्या मागे निको आहे, तुम्ही पुढे तुटून पडा."

"लोक मला फाडून खातील. अख्ख्या खोऱ्यात असा एक कोच नाही ज्याने बूकरला एकटा सोडला."

"आणि अख्ख्या खोऱ्यात असा एक नाही जो जिंकला."

एमिलने मग आपल्या धंद्यातली गोष्ट सांगितली, कारण दुसरी त्याला येत नव्हती. "वरच्या आळीचा व्हॉल्व्ह मी बंद केला तर पाणी काय घरी जाऊन झोपतं? ते खालच्या आळीत पाइप फोडतं. त्यांचा तो अठ्ठ्याऐंशी नंबर बघितलास? धिप्पाड, रुंद खांद्यांचा? सगळ्या सामन्यांत नुसती माणसं ढकलतो. त्याच्याकडे कुणी बघत नाही. मला त्याची भीती वाटते."

अठ्ठ्याऐंशी नंबर मधून पळायचा. मधून. कार्माइनने टेबलावरच्या पेन्सिलीशी चाळा केला. दोघांच्या मनात एकच चित्र होतं आणि दोघांनीही त्याचं नाव घेतलं नाही. एकोणतीस वर्षांत हे काम दोघांना छान जमायला लागलं होतं.

"ठीक आहे," कार्माइन शेवटी म्हणाला. "पण त्या बूकरने आपली वाट लावली, तर..."

"तर मी बघून घेईन. किटलीची सवय आहे मला."

कार्माइन यावर हसला नाही.

मग चार दिवस सराव. खुणा अगदी साध्या ठेवल्या: कडेवरून एमिलने एक बोट वर केलं की निको मधे, दोन बोटं म्हणजे निको बूकरवर. दोन बोटांची खूण सरावात फक्त नावाला ठेवली होती. गुरुवारी निकोने विचारलंच, "एमिलकाका, तो माझ्या डोळ्यांसमोरून सुसाट जाणार आणि मी बघत राहू?"

"बघायचंसुद्धा नाही. अठ्ठ्याऐंशीच्या पट्ट्याकडे बघ. डोकं फसवतं, पाय फसवतात, कमरेचा पट्टा जाईल तिकडेच माणूस जातो."

"आणि गाव ओरडायला लागलं तर?"

"गाव ओरडणारच. गावाला तेवढंच येतं."

शनिवारी दुपारी आभाळ शिशासारखं होतं. लोक घोंगड्या, थर्मास, आणि चौऱ्याऐंशीची आठवण घेऊन आले. कारखान्यातून निवृत्त झालेला स्टीव्ह बाबियाक पहिल्याच रांगेत बसला. त्याचा आवाज तापलेल्या भट्ट्यांच्या वर ऐकू जायचा, तो आता वय झालं म्हणून कमी थोडाच होणार.

बूकरने पहिल्याच सत्रात दोन झेल घेतले. दुसऱ्या सत्रात तीन. ल्यूक डिक्सन दर वेळी त्याच्या पायांना लटकून पडायचा, नऊ यार्ड, अकरा यार्ड. बाबियाक उठून उभा राहिला. "दोन माणसं लावा रे त्याच्यावर! एमिल! आंधळा झालास का? पुन्हा तेच?"

'पुन्हा तेच' म्हणे! चौऱ्याऐंशीत वॉडेलवर दोघंच तर होते, पण हे सांगणार कुणाला? एमिलने मागे वळूनही पाहिलं नाही. त्याने एक बोट वर केलं.

आणि जमत होतं. बूकर झेलत होता, पण ॲलम क्रीकचं बाकी काही चालत नव्हतं. मधे निको खांबासारखा उभा. त्यांच्या दुसऱ्या रिसीव्हरकडे आलेला चेंडू त्याने बोटांनी उडवला. तिसऱ्या सत्रात तर एक चेंडू त्याने स्वतःच झेलला आणि ब्रॅकन फोर्जला पुढे नेलं. अठ्ठ्याऐंशी नंबरला दिवसभरात एक झेल मिळाला नाही. एकवीस-सतरा. शेवटचं एक मिनिट उरलं तेव्हाही एकवीस-सतरा.

मग बूकरने ल्यूकच्या डोक्यावरून एका हाताने असा काही झेल घेतला की ॲलम क्रीकच्या बाजूचा लाकडी मांडव हादरला. त्याचा अकरावा. मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी पुढचे तीन वाया गेले. चाळीस सेकंदं, शेवटचा प्रयत्न, किमान बारा यार्ड कापायचे, चेंडू ब्रॅकन फोर्जच्या अडतीस यार्डांवर. खेळ थांबवायची सवलत दोघांकडेही उरली नव्हती. हे एक अडवलं की एकोणतीस वर्षं संपली.

बूकर डावीकडे जाऊन उभा राहिला. अगदी वॉडेल उभा राहायचा तसाच, कडेच्या रेषेला लागून. मागून सगळं गाव एका सुरात, "दोन! दोन! दोन!"

एमिलने एक बोट वर केलं. निकोने मान हलवली.

आणि एमिलला दिसलं की निकोची नजर त्याच्यावरून सरकून बाजूला गेली. त्याने वळून पाहिलं. पाच पावलांवर कार्माइन उभा होता, चेहरा पांढराफटक, हात वर. दोन बोटं.

"कार्माइन, नको," एमिल म्हणाला. "मधली फळी पुढे तुटून पडणारे. मागे कुणी नाही रे!"

"त्याच्यावर दोघं," कार्माइन बूकरवरची नजर न काढता म्हणाला. "मी मुख्य कोच आहे."

तिकडे निको दोघांकडे बघत होता. एका हाताचं एक बोट, एका हाताची दोन. त्यांचा चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक चेंडू मागायला वाकला. दोन खुणांमधे लोंबकळणारा पोरगा कुठल्याच कामाचा नसतो. एमिलने आपला हात खाली घेतला.

निको डावीकडे सरकला.

पुढचं लिहायला फार वेळ लागत नाही. बूकर सुटला, हात वर करून, चेंडू माझाच म्हणून सांगत. ल्यूक त्याच्याबरोबर, निको त्याच्या डोक्यावर. मधली फळी आठवडाभर शिकवल्याप्रमाणे पुढे तुटून पडली. आणि अठ्ठ्याऐंशी नंबरने दिवसभर ढकललेली माणसं सोडून दिली आणि निवांत, अंगणात फिरायला निघाल्यासारखा, रिकाम्या मध्यातून पळाला. निकोला ते कळलं तेव्हा तो वळला. पळाला, जीव खाऊन पळाला. रेषेपाशी झेपावला. त्याच्या हाताला बूट लागला.

फिल्म काढणारा माणूस आता मांडवाच्या टोकाला बसतो आणि मशीन नवं आहे. पण तेही चेंडूमागेच जातं. कडेला कोण कोण हात वर करून उभं होतं हे त्यात येत नाही.

सामना संपल्यावर हात मिळवायच्या रांगेत मलाकाय बूकर एमिलपाशी थांबला. जवळून बघितलं तर अगदी कोवळा पोरगा, हनुवटीवर फोड आलेले.

"कोच, आज दिवसभर तुम्ही माझ्याकडे एकच माणूस ठेवलात," तो म्हणाला. "असं माझ्याबरोबर कुणीच केलं नव्हतं. जरा चुकल्याचुकल्यासारखंच वाटत होतं."

"आणि शेवटी?"

"शेवटी तो तुमचा सेफ्टी आला ना, तेव्हाच कळलं, चेंडू मला यायचा नाही." तो थोडा ओशाळला. "मग मला नुसतं हात वर करून पळायचं होतं, कोच."

घरी आल्यावर एमिल जेवला नाही. बर्नडेटने सूप पुढे सरकवलं, तो ते ढवळत बसला.

"दोन बोटं मी पाहिली," ती म्हणाली. "मी बाबियाकसारखी चेंडूकडे बघत नव्हते. मी त्या दोघांकडे बघत होते, तुझ्याकडे आणि त्याच्याकडे. उद्या काय करणार आहेस?"

"काय करायचं?"

"ते मला माहीत आहे तू काय करशील. उठशील आणि म्हणशील, माझी चूक. पोराला वाचवशील, आणि त्या पोराच्या बापालाही वाचवशील, फुकटात. एमिल, तसं केलंस तर मी तिथेच सगळ्यांसमोर तोंड उघडीन. शपथेवर सांगते."

"हात मीही खाली घेतला होता, बर्नी."

"घेतलास. कारण दुसरा हात वर होता."

एमिलने सूपचा वाडगा बाजूला सारला.

रविवारी तळघर गच्च भरलं होतं, तरी भांड्यांचाच आवाज जास्त. हालुष्की गार होत होती. निको कधी नव्हे ते शर्टाची वरची गुंडी लावून तिसऱ्या बाकावर बसला होता, मान खाली. कार्माइनने दिवे मालवले आणि फिल्म लावली. नेहमी तो बोलत जायचा, हे बघा, ते बघा. आज तोंडातून शब्द नाही. बूकरचे अकरा झेल गेले, निकोने झेललेला चेंडू गेला. त्यावर कुणी टाळीसुद्धा वाजवली नाही. मग शेवटचा प्रयत्न. चादरीवर अठ्ठ्याऐंशी नंबर पळाला आणि त्याच्यामागे निको तोंडावर आपटला.

"हे मी कुठेतरी पाहिलंय!" बाबियाक ओरडला आणि चार माणसं हसली. "एमिल, तुझी शिकवणी चांगली रे! जसा मास्तर तसा विद्यार्थी!"

"मधला सोडून तिकडे कशाला गेला होता कार्टा?" मागून एक बाई. "दिवसभर तर बरा उभा होता."

"किटली!" कुणीतरी म्हणालं. मग दुसऱ्याने. मग बाकांवर चमचे वाजायला लागले. "किटली! किटली!"

किटली एमिलच्या हातात होती. तो सवयीने आल्याआल्या ती घेऊन उभा राहिला होता. निको उठला. चेहऱ्यावर रंग नाही, पण चालत आला, सरळ, आणि किटलीच्या कडीला हात घातला.

"द्या, काका."

एमिलने कडी सोडली नाही.

"द्या ना. लोक बघतायत."

"बघू दे."

दोघांचे हात एका कडीवर, आत कॉफी हिंदकळतेय. चमचे थांबले. एमिलला वाक्य तयार होतं, दोनच शब्दांचं: चूक माझी. ते जिभेवर आलंही. ते म्हटलं की पोरगा मोकळा, सगळे मोकळे, आणि फिल्म संपून रोल वाटायला सुरुवात. बर्नडेट तिसऱ्या रांगेतून त्याच्याकडे टक लावून बघत होती. पण तिच्यामुळे तो थांबला नाही. थांबला तो निकोच्या बोटांमुळे. कडी धरलेली ती बोटं थरथरत नव्हती. पोरगा खरंच ती न्यायला आला होता. म्हणजे त्याने घरी कुणालाही 'बाबा, खूण तुमची होती' म्हटलं नव्हतं. म्हणणारही नव्हता, कधीच. हे असलं मौन कसं सुरू होतं आणि पुढे माणसाचं काय करतं, हे त्या खोलीत एमिलइतकं कुणाला माहीत होतं?

त्याने चादरीशेजारी उभ्या असलेल्या कार्माइनकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. या खेपेला बोलायचं काम त्याचं नव्हतं.

मशीनच्या पंख्याचा घर्रर्र आवाज येत राहिला.

"निको," कार्माइन म्हणाला. "बस खाली."

"बाबा, राहू दे."

"बस म्हणतो ना!" आणि मग खोलीकडे वळून, पण कुणाकडेच न बघता: "एमिलने एक बोट केलं होतं. पोराला मधेच ठेवलं होतं त्याने. दोन बोटं मी केली. तुम्ही ओरडत होता आणि मी... मी बूकरकडे बघत होतो. पोरगा माझं ऐकून गेला तिकडे."

मग बाबियाक, जरा सांभाळून, "म्हणजे किटली कोचला? अरे वा! हे कधी झालं नव्हतं."

"झालं पाहिजे होतं," कार्माइन म्हणाला. तो बाकांमधून चालत आला, एमिलच्या आणि मुलाच्या हातांतून त्याने किटली काढून घेतली. ती जड होती, त्याला एका हाताने उचलेना, त्याने दुसरा हात खाली लावला आणि चटका बसला तरी काढला नाही. "स्टीव्ह, चौऱ्याऐंशीची फिल्म आठवते तुला? मधून पळाला तो पोरगा?"

"न आठवायला काय झालं! एमिलने सोडला तो."

"एमिलचा नव्हता तो. माझा होता. मी मधल्या फळीत होतो. मी उभा राहून वॉडेलकडे बघत होतो." त्याने किटली सावरली. "ह्राबोव्स्कीला माहीत होतं. एमिलला माहीत होतं."

निको आपल्या बापाकडे असा बघत होता की जणू चादरीवर नवीनच फिल्म लागली आहे. बाबियाकने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. "एकोणतीस वर्षं मी त्या बिचाऱ्याला..." एवढं म्हणून तो आपल्या रिकाम्या कपाकडे बघत बसला.

कार्माइनने पहिला कप एमिलचा भरला. एमिलकडे कप नव्हताच, इतक्या वर्षांत त्याला तो लागलाच नव्हता. निकोने पळत जाऊन आणला. अर्धी कॉफी बशीत सांडली. एमिल बाकावर बसला. बसून कॉफी प्यायची म्हणजे कुठे बघायचं हे त्याला कळेना, म्हणून तो कपातच बघत राहिला.

मग कार्माइन ओळीने ओतत निघाला. लोक कप पुढे करत होते, पण त्याच्याकडे बघत नव्हते. तिसऱ्या रांगेत तो बर्नडेटपाशी आला आणि थांबला.

तिने कप लगेच पुढे केला नाही. त्याला चांगला उभा ठेवला. मग ताटातला अक्रोडाच्या रोलचा एक तुकडा कागदी रुमालावर काढून बाकाच्या कडेला, त्याच्या बाजूला सरकवला.

"उशीर केलास, मेल्या," ती म्हणाली. "भर. आणि काठोकाठ भर."